शुक्रवारच्या खुणा

शुक्रवारी कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, हे अर्डव्हारीत कधी लिहून ठेवावं लागलं नाही. वर्षातून एकदा प्रभूच्या नावाने भाकरी आणि पेला वाटून घ्यायचा तो प्रभुभोजनाचा सोहळा, त्याच्या पाच दिवसांतला शुक्रवार गावच्या माणसांचा. पाळकांनी त्या दिवशी सुरुवातीची प्रार्थना करायची आणि तोंडाला कुलूप घालायचं. मग एखादा म्हातारा उठून प्रश्न टाकणार, आणि मेंढपाळ, कोळी, विणकर एकामागून एक उभे राहून खऱ्या विश्वासणाऱ्याच्या खुणा सांगणार. त्यामुळे एडिंबराच्या धर्मविद्यालयात हिब्रू शिकवणारा, त्याआधी नऊ वर्षं शहरातल्या मंडळीचा पाळक असलेला रेव्हरंड फिनले मॅथेसन त्या शुक्रवारी समुद्राकाठच्या खोलगट कुरणात आईशेजारी गवतावर गप्प बसला होता. आणि त्याचा बाप फार्कर, ज्याला सहीपलीकडे इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तो बोलत होता.

प्रश्न टॉर्कल मॅकलेननने टाकला होता. टॉर्कल गावचा विणकर, मंडळीच्या तीन पंचांपैकी एक, आणि सुताची गाठ असो की माणसाची चूक, नखाने उकलल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "कृपा झालेला माणूस आणि नुसता शिकलेला माणूस," त्याने विचारलं, "या दोघांतला फरक कोणत्या खुणांनी ओळखायचा?" कुरणात सहाशे माणसं होती. एकानेही फिनलेकडे वळून पाहिलं नाही, आणि तो कुठे बसला आहे हे प्रत्येकाला नेमकं ठाऊक होतं.

फार्कर उठून उतारावरच्या खडकावर उभा राहिला तेव्हा वारा पडला होता. त्याच्या आवाजाची ख्याती अशी की शांत दिवशी तो खाडीतल्या होड्यांपर्यंत जायचा आणि कोळी वल्ही थांबवून ऐकायचे.

"कृपा झालेल्याच्या पुढ्यात भाकरी ठेवली तर तो खातो," फार्कर म्हणाला. "नुसता शिकलेला ती उलटीपालटी करून बघतो. पीठ कुठल्या गिरणीचं, मळलं कोणी, एका हातानं भाजली की दोन. सगळं शोधून काढतो आणि उपाशी उठतो. ही एक खूण. दुसरी सांगतो..."

त्याने सात सांगितल्या. म्हातारे माना डोलावत होते. तिसऱ्या खुणेला एक बाई रडू लागली. फार्करला स्वतःचं बोलणं आवडलं, आणि ते आवडलं याची त्याला थोडी लाजही वाटली. खाली बसताना त्याने पोराकडे पाहायचं टाळलं.

संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या तीन गावांतले अकरा पाहुणे उतरले होते. ते जेवून गोठ्यामागच्या खोलीत स्तोत्रं म्हणायला गेले तेव्हा कुठे घरची चार माणसं चुलीपाशी बसली. मुलगी मार्सली वाढत होती. लग्न न करता आईबापांना सांभाळणारी मुलगी घरात असली की तिच्या जिभेला धार येते, आणि ती कोणी काढूनही घेऊ शकत नाही. ओटची भाकरी हातात धरून ती भावासमोर उभी राहिली.

"वाढू? का आधी गिरणीचं नाव सांगू?"

फिनले मोठ्याने हसला. त्याची आई एफी, तिनेही पदर लावावा तशी शाल तोंडाला लावली. हसली की तिला खोकला यायचा. याच खोकल्यासाठी तिने वसंतात पत्र लिहवून घेतलं होतं: या ऑगस्टला ये, पुढचा ऑगस्ट मला दिसेल असं डॉक्टरला वाटत नाही.

"बाबा, चांगलं बोललात," फिनले म्हणाला. "भाकरीचं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन."

"माझं कशाला सांगतोस? तुझं सांग. योनाला गिळणारा मासा नव्हताच म्हणून सांग."

"योनाच्या पुस्तकात मासा तीन ओळींत संपतो, बाबा. तुम्हीच सगळे वर्षभर त्याच्या पोटात बसलाय."

"फिनले!" आई म्हणाली, पण तिचा आवाज काही रागावलेला नव्हता.

फार्करने हेरिंग माशाचा काटा बाजूला काढला. "पोराटोरांना शिकवलेलं खोटं म्हणायचं, त्यावर पुस्तक काढायचं, आणि वर इथं येऊन चेष्टा."

"खोटं कुठं म्हटलं मी? गोष्ट म्हटलं. प्रभूनं गोष्टी सांगितल्या नाहीत? तो उधळ्या पोरगा कुठल्या गावचा होता, कोणी विचारतं का?" फिनलेने ताट खाली ठेवलं. शिकवायला लागला की तो ताट, पेला, काय हातात असेल ते खाली ठेवायचा. ही सवय बापाचीच. "हे बघा. देव त्या निनवे शहराला माफ करतो. योनाला ते खपत नाही. तो रागानं शहराबाहेर जाऊन बसतो. देव विचारतो, बाबा रे, एवढ्या मोठ्या शहराची मला कीव येऊ नये का? आणि पुस्तक तिथंच थांबतं. योनानं काय उत्तर दिलं ते कोणी लिहिलेलंच नाही. मी चारशे पानं त्या एका उत्तरापायी घातली."

"सापडलं?" एफीने विचारलं.

"नाही, आई."

"मग चारशे पानांत काय लिहिलंस रे?"

आता मार्सलीही हसली. तिघं हसत होते आणि फार्कर एकटा चुलीच्या दुसऱ्या बाजूला होता. या घरात हे नवीन नव्हतं. फार्करचा बाप डोनाल्डही असाच बाजूला बसायचा.

"तुम्हाला आठवतं," फिनले हळू म्हणाला, "मी सात वर्षांचा होतो. होडीत तुम्ही मोठा कॉड मासा चिरत होता. मी विचारलं होतं, बाबा, एवढ्यात माणूस..."

"पुरे!" फार्कर म्हणाला.

फिनले थांबला. त्या दिवशी होडीत फार्करने माशाच्या फाडलेल्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, 'मावत नाही रे. मलाही कधी पटलं नाही. पण हे घरी सांगू नकोस.' फिनलेने ते घरी कधी सांगितलं नव्हतं. एडिंबरात चर्चच्या वरच्या सभेपुढे चार तास उभं करून त्याला विचारलं, हे असले विचार जर्मनीतून आणलेस का, तेव्हाही त्याने सांगितलं नव्हतं. आत्ताही त्याने भाकरी उचलली आणि खाल्ली.

शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत फार्करसह तिघे पंच बसले. टेबलावर बिल्ल्यांची पेटी होती. ज्याला प्रभुभोजनाला बसायचं त्याने शनिवारी पंचांसमोर यायचं, पंचांना तो योग्य वाटला तर शिशाचा बिल्ला घ्यायचा, आणि रविवारी टेबलाशी तो परत द्यायचा. बिल्ला नाही तर टेबलाशी जागा नाही. हे बिल्ले डोनाल्ड मॅथेसनने ओतले होते. मंडळी फुटली, जमीनदाराने चर्चला हातभर जागा दिली नाही आणि गावाने चार हिवाळे त्या कुरणात बसून उपासना केली, त्या काळात. शिसं विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या जाळ्याची वजनं वितळवली. बिल्ल्यावर एका बाजूला गावाचं नाव, दुसऱ्या बाजूला साल. माणसाचं नाव कुठेच नाही.

फिनले एडिंबराच्या मंडळीचा दाखला घेऊन आला होता. पाळक गिलँडर्सनी तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. गिलँडर्स मनाने चांगले गृहस्थ होते. चांगुलपणाने जेवढी कामं होतात तेवढी ते करीत आणि बाकीची दुसऱ्यावर सोपवीत.

"पोरगा आपला आहे," टॉर्कल म्हणाला. "गावाच्या पिठावर तो ऍबरडीनला शिकला. दर सत्राला एक पोतं इथून जायचं, अर्धं अधिक माझ्या दारावरून. म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे. त्यानं देवाचा ग्रंथ चिरून बघितलाय. त्याला बिल्ला दिला तर उद्या कोणाला नाही म्हणायचं?"

तिसरा पंच बहिरा होता. त्याने मान हलवली. कशाला ते कोणी विचारलं नाही.

"वरच्या सभेचा निकाल अजून व्हायचाय," पाळक म्हणाले. "दोषी ठरलेला नाही तो. पण सुटलेलाही नाही. फार्कर, तूच सांग बाबा. बापाइतकं पोराला कोण ओळखणार? तू म्हणशील तसं."

फार्करला त्या क्षणी होडी आठवली. ज्या गोष्टीसाठी पोराला बाहेर ठेवायचं ती आपणच त्याच्या हातात ठेवली, हे त्याच्या मनात लख्ख होतं. त्यामुळे त्याने मऊ व्हायला हवं होतं. पण माणूस स्वतःला जी शिक्षा करू धजत नाही ती मुलाला करतो, आणि वर त्याला वाटतं की आपण निःपक्षपाती आहोत.

"नको," तो म्हणाला. "या खेपेला नको."

टॉर्कलनेदेखील मान खाली घातली. त्याला बहुधा इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं आणि एफी आत आली. अंगावर काळी शाल, पायांत रविवारचे बूट. चढण चढून आल्याने तिचा श्वास लागला होता, म्हणून ती दाराला टेकून उभी राहिली. फार्करला वाटलं घरी काही झालं.

"काय गं? काय झालं?"

"तुझ्याकडे नाही आले," ती म्हणाली, आणि पाळकांकडे वळली. "पाळकसाहेब, मला बिल्ला हवाय."

एफी मॅथेसन अठ्ठेचाळीस वर्षं या मंडळीत होती. तिने एकही रविवार चुकवला नव्हता, प्रभुभोजनाच्या भाकरी तीच भाजायची, टेबलावरची पांढरी चादर तीच धुवायची. आणि टेबलाशी ती एकदाही बसली नव्हती. यात गावाला नवल वाटत नसे. आपण लायक नाही म्हणून जन्मभर गवतावर बसणारी अशी माणसं प्रत्येक घरात होती. उलट तेच खरे भक्त, असंही लोक म्हणत.

"आनंद आहे," पाळक म्हणाले. "पण विचारायला हवं म्हणून विचारतो. इतकी वर्षं का आला नाहीत?"

"दर वर्षी शुक्रवारी हा खुणा सांगायचा," तिने नवऱ्याकडे न बघता म्हटलं. "मी गवतावर बसून एकेक खूण स्वतःला लावून बघायचे. एकही लागायची नाही. आवाज एवढा मोठा, की चुकून ऐकलं असंही म्हणता यायचं नाही. मग शनिवारी कुठल्या तोंडानं यायचं?"

"आणि आता?"

"काल तो त्याच खुणा फिनलेला लावून बघत होता. त्यालाही एक लागली नाही. मी त्याला नऊ महिने पोटात वाढवलाय, पाळकसाहेब. तो कसा आहे मला माहीत आहे. तेव्हा म्हटलं, माणसं ठीक असतील, मापच चुकत असेल."

टॉर्कलने तोंड उघडलं. पण गिलँडर्सनी आयुष्यात पहिल्यांदाच घाई केली. त्यांनी पेटीतून बिल्ला काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

घरी जाताना ती पुढे आणि फार्कर मागे. उतारावर तो तिच्याजवळ आला.

"एफी, मला सांगायचंस तरी."

"कधी सांगायचं होतं? शुक्रवारी बायकांना कोणी उभं करत नाही."

"घरी सांगायचंस."

"घरीही तुझा शुक्रवारच असायचा."

ती थांबली, श्वास घेतला. खाली खाडीवर ओहोटी होती आणि मार्सली उद्याचं पाणी आजच भरून ठेवायला विहिरीवर गेली होती. रविवारी पाणी भरायचं नाही, बटाटा सोलायचा नाही.

"फिनलेला दिला?" एफीने विचारलं.

"नाही."

"टॉर्कलनं अडवलं ना?"

फार्करला हो म्हणता आलं असतं. टॉर्कल नाराजही झाला नसता.

"मी," तो म्हणाला.

तिने मूठ उघडून बिल्ल्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटली. "बटाटे सोलायचे राहिलेत," ती म्हणाली आणि चालू लागली. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी आणखी एक शब्द बोलली नाही. मार्सली बोलली, पण ते न बोललेलं बरं असं होतं. फिनलेने बातमी ऐकली आणि फक्त विचारलं, "आई उद्या बसणार ना? मग झालं." मग तो पाहुण्यांची गादी झाडायला गोठ्यामागे गेला. बाप त्याच्या पाठीकडे बघत राहिला. पोराने भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी पहाटे सर पडून गेली होती. कुरणात लांबलचक टेबल मांडलं होतं, त्यावर एफीच्या हातची स्वच्छ चादर. टेबलाच्या तोंडाशी जस्ताची थाळी घेऊन बिल्ले गोळा करायला फार्कर उभा होता. हे काम तो तीस वर्षं करत होता. त्याचा स्वतःचा बिल्ला बंडीच्या खिशात होता; पंच सगळ्यांच्या शेवटी बसत.

स्तोत्र सुरू झालं. एकाने ओळ म्हणायची, मग सगळ्या कुरणाने ती लाटेसारखी उचलायची. एकेक जण उठून येऊ लागला. थाळीत बिल्ला पडला की बोथट आवाज व्हायचा. फार्कर चेहऱ्यांकडे न बघता हातांकडे बघत होता: वल्ह्याचे घट्टे, टॉर्कलच्या बायकोची वाकडी बोटं, एका मेंढपाळाचा अंगठा नसलेला हात. टेबल अर्ध्याहून जास्त भरलं.

मग एफी उठली. गवतावर सरसर कुजबुज गेली आणि थांबली. मागच्या उतारावर, दगडापाशी तिची ठरलेली जागा होती. तिथून ती निघाली, एकटी, एक हात छातीशी. फिनले तिला हात द्यायला उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. पाळकांनी तिला पाहून आमंत्रणाचे शब्द पुन्हा म्हटले, ज्याची गरज नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षं. त्याने थाळी पुढे केली.

ती टेबलापासून दहा पावलांवर थांबली.

तिने मागे वळून मुलाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही, चुलीवर दूध ठेवून आलेली बाई जशी दारात थबकते तशी. आणि सहाशे माणसांसमोर ती आल्या पावली परत गेली, उतार चढली आणि मुलाशेजारी तिच्या जागी बसली. बिल्ला तिच्या मुठीतच होता.

पुढची ओळ म्हटली गेली. कुरणाने ती उचलली, पण अर्ध्याच लोकांनी.

फार्करला नंतर कोणी विचारलं तर आपण त्या वेळी काही ठरवलं होतं असं तो कधीच म्हणाला नाही. त्याने थाळी टॉर्कलच्या हातात दिली.

"धर."

"कुठं चाललास? फार्कर, टेबल मांडलंय!"

"दिसतंय मला."

तो उतार चढून मुलापाशी आला. फिनले उठून उभा राहिला, एवढा शिकलेला माणूस, शाळकरी पोरासारखा हात बाजूला सोडून. फार्करने बंडीच्या खिशातून आपला बिल्ला काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"बाबा, हे नियमात बसत नाही. हा तुमचा आहे."

"नियम मला शिकवू नकोस. त्यावर नाव आहे का कोणाचं? शिसं तुझ्या आजोबाचं आहे."

"पण मग तुम्ही..."

"आईला हाताला धरून ने. गवत ओलं आहे, घसरेल."

एफी आधीच उठली होती. ती फार्करजवळून जाताना थांबली नाही, पण खांद्यावरची जुनी शाल काढून तिने दगडापाशी टाकली. "त्यावर बस," ती म्हणाली. "तिथं खालून ओल येते."

दोघं खाली गेली. टॉर्कल थाळी घेऊन उभा होता. दोन बिल्ले त्याच्यासमोर आले, एक आईच्या हातात, एक मुलाच्या. दोन्ही सारखेच, एकाच जाळ्याचे. टॉर्कलने ते पाहिले, वर उतारावर पाहिलं, पाळकांकडे पाहिलं. पाळक डोळे मिटून प्रार्थनेत होते, आणि ते आत्ताच का, हे गावात पुढे बरीच वर्षं बोललं गेलं. स्तोत्राची एक अख्खी ओळ निघून गेली. मग टॉर्कलने थाळी पुढे केली. बोथट आवाज झाला, पाठोपाठ दुसरा.

फार्कर शालीवर बसला. आजूबाजूला त्याच त्या गवतावर बसणाऱ्या बायका होत्या. त्यांनी थोडं सरकून जागा दिली आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या म्हातारीने पुदिन्याची एक गोळी त्याच्या हातात सरकवली, जशी ती एफीच्या हातात दर वर्षी सरकवत असणार.

त्याने टेबलाकडे पाहिलं. इथून फक्त पाठी दिसत होत्या. आई-मुलाच्या पाठी कोणत्या, हेही शोधावं लागलं. भाकरी दिसत नव्हती, पेला दिसत नव्हता. गिलँडर्सचे ओठ हलत होते, पण वारा समुद्राकडून फिरला होता आणि त्यांचा एकही शब्द वर येत नव्हता. फार्कर कान देऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की इथे बसणाऱ्यांपर्यंत रविवारचं काहीच पोचत नाही. शुक्रवारी तो ज्या खडकावरून बोलायचा तो मात्र हाकेच्या अंतरावर होता.